डाव्या कानावरचा पट्टा

मुलुंड (पूर्व)
दिवाळी संपून दुसरा रविवार, जेवणं उरकल्यावर

आमचे व्याही आणि आमच्या डोक्याचे पालक श्री. भाऊसाहेब कर्णिक, मुक्काम बोरिवली, यांना लवू घाडीगावकरचा, हेल्मेट काढून बाजूला ठेवून केलेला, नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमचं ब्लडप्रेशर, शुभाताईंचा गुडघा आणि जावईबापूंचा नवा साहेब, तिघांची खबर आमची प्रांजल रोज आईला देते आणि आई मला, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. तरीपण रीत म्हणून विचारतो, कसे आहात? शुभाताईंनी पाठवलेल्या चकल्या संपल्या. डबा धुऊन ठेवलाय, रिकामा परत द्यायचा नाही म्हणून रत्नप्रभा त्यात काय घालावं याचा तीन दिवस विचार करते आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुमच्या मनात येईल. त्याचं असं आहे की मी फोन लावला की रत्नप्रभा तो स्पीकरवर टाकते आणि माझं वाक्य अर्ध्यावर असताना शुभाताईंना विचारते, वाटपात बडीशेप घालता का. आपल्या ग्रुपवर लिहावं तर तिथे आता एकेचाळीस माणसं आहेत (त्यातल्या चौदांना मी लग्नातही बघितलेलं नाही), प्रत्येकजण अंगठा दाखवणार आणि शेवटी कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवणार. विषय माझ्या डोक्याचा आहे, भाऊसाहेब. त्यावर एकेचाळीस अंगठे मला परवडणारे नाहीत. म्हणून कागद आणि पोस्टाचं तिकीट.

तर हेल्मेट. पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो की वस्तू उत्तम आहे. असली वस्तू आमच्या घराण्यात कुणाच्या डोक्यावर चढलेली नाही. मे महिन्यात व्याहीभेटीला मी तुम्हाला आमच्या रिवाजाप्रमाणे टोपी-टॉवेल द्यायचा आणि तुम्ही मला शाल-श्रीफळ, असं ठरलं होतं. पण तुम्ही पडलात सुरक्षेचे माणूस. नोकरीची पस्तीस वर्षं कचेरीत आगीच्या बादल्या मोजल्यात, रिटायर झाल्यावर रविवारी पहाटे सायकलवाल्या मंडळींबरोबर नॅशनल पार्कपर्यंत जाता, आणि मी चाळीस वर्षं उघड्या डोक्याने सायकल हाणतो हे कळल्यापासून तुम्हाला झोप नव्हती असं जावईबापू अनयराव सांगत होते. स्टेजवर आपण मिठी मारली, कुठेतरी बारीक शिट्टी वाजली, तुम्ही म्हणालात, "हा माइकवाला अगदीच बेकार आहे," आणि दुसऱ्या क्षणाला माझ्या डोक्यावर टोपीच्या जागी हे पिवळंधमक हेल्मेट. अडीचशे माणसं हसली, फोटोवाल्याने आपल्याला आणखी दोन वेळा मिठी मारायला लावली, आणि माझी मावशी (वय ऐंशी, मुक्काम कणकवली) शेजारणीला म्हणाली की मुंबईत बाशिंग आता मुलीच्या बापालाही बांधतात. हे सगळं मी स्टेजवरून ऐकलं. माझ्या कानाबद्दल तुम्हाला ठाऊकच आहे, नसेल तर पुढे येतं.

आता घोळ काय झाला तो सांगतो. तुम्ही लग्नाआधी रत्नप्रभाला गुपचूप फोन करून माझ्या डोक्याचं माप विचारलंत. ती म्हणाली असती की त्यांच्या डोक्याला माप नाही, तर एका वाक्यात सुटली असती. पण व्याह्यांनी काम सांगितलेलं, म्हणून तिने शिवणाच्या मशीनमधली टेप काढली, मी अंघोळीला असताना खुंटीवरची काळी टोपी मोजली आणि तुम्हाला साडेतेवीस इंच असा आकडा कळवला. ती टोपी माझ्या वडिलांची, भाऊसाहेब. वडिलांचं डोकं मोठं होतं (गिरणीत सगळे त्यांना नारळ म्हणायचे). मी ती सत्यनारायणाला आणि लग्नकार्याला घालतो तेव्हा आतून वर्तमानपत्राची घडी घालतो, नाहीतर ती नाकावर येते. म्हणजे तुम्ही बोरिवलीच्या दुकानात उभं राहून, चार माणसांना विचारून, हवा खेळण्याची भोकं मोजून जे हेल्मेट घेतलंत ते बरोब्बर बसतं, फक्त माझ्या वडिलांना. आणि ते जाऊन एकोणीस वर्षं झाली.

रत्नप्रभाने यावर मार्ग काढला. ती म्हणाली की माप टोपीचं दिलंय, तर टोपीसकट घाला. पहिला महिना मी डोकं, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर टोपी, त्यावर हेल्मेट असा फिरलो. जून महिना होता. घामाने वर्तमानपत्र विरघळलं आणि कपाळावर अक्षरं उमटली. आमच्या दुकानातला राजेश (हा माझा पहिला शिकाऊ, आता चाळिशीचा आहे आणि मलाच शिकवतो) म्हणाला, "शेठ, तुमच्या डोक्यावर निविदा सूचना आली आहे." तेव्हापासून टोपी बंद आणि हेल्मेटच्या मागची ती चक्री शेवटपर्यंत आवळायची असं ठरलं. चक्री आवळली की हेल्मेट हलत नाही, पण मग मी कायम भुवया उंचावलेला दिसतो. गेल्या पाच महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाला वाटतंय की त्याने काहीतरी आश्चर्याचं सांगितलं.

खोक्यातलं माहितीपत्रक मी वाचलं. एकदा इंग्रजीत आणि नंतर प्रांजलने फोनवर मराठीत. त्यात लिहिलंय की भुवई आणि हेल्मेट यांच्यात दोन बोटं अंतर हवं आणि हनुवटी आणि पट्टा यांच्यातही दोन बोटं जायला हवीत. कुणाची बोटं ते लिहिलेलं नाही. तुमची बोटं कलम धरणारी, माझी पाना धरणारी. माझी दोन बोटं म्हणजे तुमची सव्वातीन (व्याहीभेटीला हात हातात घेतला तेव्हा मी अंदाज घेतला होता). माझ्या बोटांनी भुवईवर अंतर सोडलं की हेल्मेट पोळपाटासारखं मागे जातं आणि कपाळ सगळं उघडं. पट्ट्यात माझी दोन बोटं मावतील एवढा तो सैल केला की तो हनुवटी सोडून गळ्यात येतो. रत्नप्रभाची बोटं लावून बघितली. ती बारीक आहेत, त्या मापाने मला तोंड उघडता येईना. ती म्हणाली, हे माप छान आहे.

रस्त्यावरचं ऐका. आमच्या गव्हाणपाड्याच्या कोपऱ्यावर गणपतीचं देऊळ आहे, तिथून जाताना मी सायकल न थांबवता उजवा हात कपाळाला लावून छातीला लावतो. आता हात वर नेला की टक्क. नमस्कार आत पोचतो की हेल्मेटवरूनच परत जातो, मला कळत नाही. तुमचं वाचन दांडगं आहे, कुठे काही लिहिलंय का? दुसरं म्हणजे माझी ओळख गेली. स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये मी सव्वीस वर्षं पंपाचं काम करतोय. टॉवर नव्हता, चाळ होती तेव्हापासून. जुलै महिन्यात तिथल्या वॉचमनने मला गेटवर अडवून "कौनसा फ्लॅट" विचारलं, रजिस्टरमध्ये सही घेतली, आणि लिफ्टपाशी एका बाईने घाईघाईने चपलांचा खोका हातात देऊन सांगितलं की एक नंबर लहान पडते, परत न्या. मी नको म्हणायच्या आत लिफ्टचं दार लागलं. त्या चपला दोन दिवस माझ्या दुकानात होत्या. तिसऱ्या दिवशी नेऊन दिल्या तर बाई म्हणाल्या, अहो, मोठा नंबर आणला नाहीत?

आणि दसऱ्याला काय झालं ते प्रांजलने सांगितलं असेलच. आम्ही दुकानातल्या हत्यारांची पूजा करतो. रत्नप्रभाने पाने, पेचकस, जुनं वाइंडिंग मशीन यांच्या रांगेत मधोमध हेल्मेट ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि हवेच्या भोकांत झेंडू खोवले. दुसऱ्या दिवशी मी चढ चढताना ते कुंकू घामाबरोबर खाली आलं. चौकात ट्रॅफिकच्या पोरीने सायकल धरून मला फुटपाथवर बसवलं आणि पाणी पाजलं. मी तिला सांगतोय की मला काही लागलेलं नाही, आणि ती म्हणतेय, "काका, हेल्मेट होतं म्हणून वाचलात." तिचा एवढा विश्वास बसला होता की शेवटी मी पण हो म्हटलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं, भाऊसाहेब, आणि मी नेलं. आता मुद्द्याचं.

माझा धंदा कानाचा आहे. गिरणी बंद पडली तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. घाटकोपरला मोटर वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारायला लागलो. तिथले उस्ताद अक्षर वाचता न येणारे, पण चालू मोटरला पेचकसाचं टोक लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचे, मागचं बेअरिंग, पंधरा दिवस. पंधराव्या दिवशी ते बेअरिंग जायचं. ते मी शिकलो, आणि मग पेचकसाशिवाय, नुसतं रस्त्यावरून ऐकून शिकलो. म्हणूनच सायकल. सकाळी साडेपाच ते साडेसात सोसायट्या टाकीत पाणी चढवतात, त्या वेळात मी पूर्वेला एक फेरी मारतो. गेटच्या आत जायची गरज नाही. कुठला पंप खोकतोय, कुठला हवा ओढतोय, कुठला नुसतं नाटक करतोय, हे मला चालत्या सायकलवर कळतं. मोटरसायकलवर स्वतःचाच आवाज एवढा की दुसऱ्याचं काय ऐकणार. एकतीस सोसायट्या माझ्याकडे आहेत त्या या दोन कानांवर. त्यातही डावा कान कामाचा आणि उजवा घरचा. पेचकसाची मूठ चाळीस वर्षं डाव्यालाच लागली आहे, फोन आणि रत्नप्रभा उजव्याला.

आता हेल्मेटचे पट्टे कानाच्या पुढून एक आणि मागून एक येतात आणि कानाखाली एका चिमट्यात भेटतात. त्या चिमट्यामुळे पेचकसाची मूठ कानाशी नीट बसत नाही. आणि सायकल चालू असताना वारा त्या पट्ट्यावरून जातो तेव्हा डाव्या बाजूला एक बारीक शिट्टी वाजते, सुईसारखी. उजव्या बाजूला नाही, फक्त डाव्या. मी पट्ट्याला लोकर गुंडाळली, रत्नप्रभाने त्यावर तिच्या ब्लाउजच्या अस्तराचं कापड शिवलं, शिट्टी तशीच. तुमच्या हेल्मेटला वाजते का हो?

गणपतीनंतरची गोष्ट. आमच्या एका गल्लीत समोरासमोर दोन बिल्डिंगी आहेत, जाताना उजवीकडे सुखशांती, डावीकडे नवरंग. सुखशांती माझ्याकडे आहे, नवरंग दुसऱ्याकडे. तीन दिवस ओळीने मी ऐकलं की बेअरिंग रडतंय. अगदी स्वच्छ, उजवीकडून. मी सुखशांतीच्या सेक्रेटरी माधुरी मॅडमना सांगितलं की आज खोललं नाही तर पंप जळेल. रविवार होता. चार तास पाणी बंद. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीच्या डोक्याला शांपू लागलेला होता, ती तशीच टॉवेल बांधून खाली येऊन बसली. मी आणि राजेशने पंप खोलला, बेअरिंग काढलं, फडक्यावर ठेवलं. चांदीच्या वाटीसारखं चमकत होतं. राजेशनेच दोन महिन्यांपूर्वी नवीन टाकलेलं. चौदा-पंधरा माणसं बघत उभी. मी ते बोटावर फिरवलं, काही आवाज नाही, पुन्हा फिरवलं.

माधुरी मॅडम फार चांगल्या बाई आहेत. त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काका, होतं असं. वयाप्रमाणे कान थोडे..." आणि पुढचं गिळलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी पटकन म्हटलं, "मॅडम, कानाचं काही नाही. हे हेल्मेट आहे ना, व्याह्यांनी दिलेलं, त्याने आवाज फिरतो." सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. ते तेव्हाही डोक्यावरच होतं. सगळ्यांना पटलं. शांपूवाली मुलगी सुद्धा म्हणाली, हो, बरोबर आहे, आत घुमत असणार.

आणि भाऊसाहेब, चौथ्या दिवशी समोरच्या नवरंगचा पंप जाम होऊन जळाला. बेअरिंगच. म्हणजे मी ऐकलं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचं होतं. आता याला चूक म्हणायचं की बरोबर? नवरंगवाले दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले की काका, तुम्हाला आधीच कळलं होतं म्हणे, मग आम्हाला का नाही सांगितलंत. सुखशांतीवाले म्हणतात की कळलं होतं तर आमचा कशाला खोललात. दोघांनाही मी हेल्मेट दाखवलं.

यातून जे निघालं ते असं. सुखशांतीच्या पुढच्या मिटिंगमध्ये विषय ठेवलाय की पंपाला सेन्सर बसवायचा. तो पंपाला चिकटवतात आणि पंप आजारी पडला की सेक्रेटरीच्या मोबाइलवर घंटी वाजते. एका सोसायटीने बसवला की बाकीच्या तीस बघायला येणार, मुलुंडमध्ये असंच चालतं. सेन्सरबद्दल माझं काही वाईट मत नाही, पोरगं हुशार असेल. पण चाळीस वर्षं माझ्या कानावर विश्वास ठेवून जी माणसं गेट न उघडता काम सांगायची, ती आता विचारतात, "काका, आज हेल्मेट घातलं होतं का?" घातलं होतं म्हटलं तर दुसऱ्याला बोलावतात. नव्हतं म्हणावं तर रत्नप्रभापर्यंत जातं.

म्हणून मी शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. दुकानामागच्या बोळात हेल्मेट घालून, डोळे मिटून उभा राहिलो आणि राजेशला ड्रिल मशीन चालू करून कधी इकडे कधी तिकडे उभं राहायला सांगितलं. आवाज येईल तिकडे मी बोट दाखवायचं. राजेश उजवीकडे असताना मी दर वेळी उजवीकडे बोट दाखवलं, म्हणजे बरोबर. डावीकडे असताना पण दर वेळी उजवीकडेच दाखवलं. चार वेळा घेतलं. पाचव्या वेळी राजेश म्हणाला, "शेठ, आता हेल्मेट काढून एकदा बघूया." पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग चहा आला, आणि मग मला वाटलं की जे उघड दिसतंय ते पुन्हा काय बघायचं. पट्टा डावीकडचा, शिट्टी डावीकडची, चूक डावीकडची. वकिलालासुद्धा याच्यावर पुरावा लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल की मग काढून ठेवा. तिथेच अडलंय. मी एकदा काढून ठेवलं होतं, ऑगस्टमध्ये. सायकल फाटकाबाहेर गेली नाही तोच गॅलरीतून आवाज आला, आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा: "ती टोपी व्यायांनी घातलेली आसा. काढूची नाय." तिचं म्हणणं असं की लेक तुमच्या घरात आहे. तिच्या सासऱ्याने चारचौघांत मानाने डोक्यावर ठेवलेली वस्तू बापाने तीन महिन्यांत खुंटीला टांगली, हे लेकीच्या कानावर गेलं तर तिला कसं वाटेल, आणि तुमच्या कानावर गेलं तर तिला काय ऐकावं लागेल. मी म्हटलं, भाऊसाहेब तसे नाहीत. ती म्हणाली, ते नाहीत हे मलाही माहीत आहे, पण आपण तसे असायला नको. मला तर यात कोण कसा आहे तेच कळेनासं झालंय.

तेव्हा विनंती एवढीच की तुम्ही रत्नप्रभाला सहज म्हणून फोन करावा, इकडचं तिकडचं बोलावं आणि बोलता बोलता सांगावं की सायकलचं हेल्मेट फक्त रविवारी वापरायचं असतं, किंवा मुलुंड पूर्वेला लागू नाही, किंवा सहा महिन्यांनी त्याचा मान संपतो. तुम्ही पस्तीस वर्षं नियम लावलेत, एखादा नवीन सुचेलच. तुम्ही सांगितलंत की ती ऐकेल. डोक्याला काही झालंच तर तुमच्यावर बोल येणार नाही, तसं मी वेगळ्या कागदावर लिहून देतो.

शुभाताईंना नमस्कार. अनयरावांना सांगा, साहेब नवा असला की पहिले सहा महिने नुसतं ऐकून घ्यायचं. प्रांजलला आशीर्वाद, आणि तिला हे पत्र दाखवू नका.

तुमचा,
लवू घाडीगावकर

ता. क. — वरचं वाचून पाहिलं. नियम काढायला जड जात असेल तर दुसरा मार्ग म्हणजे याच जातीचं पण एक माप लहान हेल्मेट, आणि जमलं तर कानावर पट्टे नसलेलं. रंग पिवळा नको. ट्रॅफिकची ती पोरगी मला लांबूनच ओळखते आणि रोज थांबवून विचारते, टाके कधी काढले.

ता. क. २ — पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. आता संध्याकाळचे सहा वाजलेत. नवीन हेल्मेट पाठवू नका आणि रत्नप्रभाला फोनही करू नका.

त्याचं झालं असं की पत्र पुरं करून मी खुर्चीत बसलो होतो. माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि उजव्या हाताला गॅलरी, तुम्ही आलात तेव्हा बघितलंय. रत्नप्रभाने हाक मारली. मी उठलो आणि गॅलरीत गेलो. तिथे ती नव्हती. कपडे वाळत होते. पुन्हा हाक आली, मी कठड्यावरून खाली वाकून बघितलं. मग ती मागे येऊन उभी राहिली, हाताला कणीक, आणि म्हणाली, "मी हंय आसंय. तुमी खंय चल्लात?"

मी म्हटलं, जरा वारा घ्यायला आलो. ती आत गेली. जाताना तिने भिंतीकडे बघितलं, आणि मीही बघितलं. हेल्मेट खुंटीला होतं, भाऊसाहेब. वडिलांच्या टोपीशेजारी. आणि गॅलरीत पान हलत नव्हतं, तरी ती सुईसारखी शिट्टी डावीकडे वाजतच होती. खरं सांगायचं तर ती गेले काही महिने अंथरुणावर पडल्यावरही वाजते, पण मला वाटायचं, दिवसभर हेल्मेट घातल्यामुळे कानात राहून गेली असेल.

ता. क. ३ — आता मूळ कामाचं. व्याहीभेटीला आपण तीन वेळा मिठी मारली आणि तिन्ही वेळा ती बारीक शिट्टी वाजली. तुम्ही माइकवाल्याचं नाव घेतलंत आणि मी मान डोलावली, पण माइकवाला तेव्हा जेवायला गेलेला होता. ती शिट्टी तुमच्या डाव्या कानामागून आली, जिथे तुम्ही केस थोडे लांब ठेवलेत. तेव्हा माझा डावा कान तुमच्याशी टेकलेला होता, म्हणजे मे महिन्यापर्यंत त्याचं बरं चाललं होतं असं दिसतं. हे मी रत्नप्रभाला, प्रांजलला, कुणालाही बोललेलो नाही. माझ्या माहितीप्रमाणे तुमच्याही घरात शुभाताईंखेरीज कुणाला माहीत नाही, आणि तसंच राहील.

तो कोण डॉक्टर ते मला कळवा. नाव आणि पत्ता एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी चकलीच्या डब्यात तळाला ठेवा, वर चकल्या भरा. डबा रत्नप्रभा अनयरावांबरोबर परत पाठवते आहे (शेवटी तिने मालवणी खाजा घातला). त्या कानामागच्या यंत्राने पंप ऐकू येतात का, आणि कुठल्या बाजूने येतात ते कळतं का, हे आधी विचारून ठेवलंत तर बरं. सेन्सरची मिटिंग अजून तीन आठवड्यांवर आहे.

तोपर्यंत हेल्मेट मी रोज घालणार आहे, पट्टा घट्ट बांधून. अख्ख्या मुलुंड पूर्वेला मी सांगून बसलोय की दोष त्याचा आहे, आणि इतके दिवस त्याने तक्रार न करता तो घेतलाय. तुम्ही फार मोठी वस्तू दिलीत, भाऊसाहेब. पुढच्या वेळी मिठी मारताना दोन्हीकडून शिट्टी वाजली तर माइकवाल्याचं नाव मी घेईन.

ल. घा.